डोमेन-ड्रिव्हन डिझाइन टीममध्ये कसं रुजवायचं: कांद्याच्या सौद्यापासून हिशेबपट्टीपर्यंत

डोमेन-ड्रिव्हन डिझाइन (ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचं त्याची भाषा आणि नियम यांवरच कोडची रचना उभी करायची पद्धत) वापरायचं ठरलं की बहुतेक टीम आधी फोल्डर बदलतात. ॲग्रीगेट, रिपॉझिटरी, सर्व्हिस अशा नावांचे कप्पे तयार होतात आणि जुने क्लास त्यांत हलवले जातात. काही महिन्यांनी कोड लांबलेला असतो, पण ज्या धंद्यासाठी तो लिहिला त्याची समज पूर्वी होती तेवढीच असते. एरिक इव्हान्स यांनी २००३ साली ही पद्धत पुस्तकरूपात मांडली. त्या पुस्तकात मोठ्या प्रणालीच्या सीमा कशा आखायच्या हा भाग शेवटी येतो, आणि अनेक वाचक तिथवर पोचतच नाहीत. माझं ठाम मत असं आहे की टीममध्ये ही पद्धत आणताना क्रम उलटा ठेवावा: आधी माणसांशी बोलणं, मग भाषा, मग सीमा आणि सर्वांत शेवटी क्लास.

हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो हे समजायला एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावसारख्या कांद्याच्या बाजार समितीसाठी तुमची टीम सॉफ्टवेअर लिहिते आहे, असं समजा. शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप घेऊन आवारात येतो. लिलावात व्यापाऱ्यांचा घोळका गाडीगाडीवरून पुढे सरकतो, क्विंटलमागे दर ठरतो आणि सौदापट्टी हातात पडते. गाडी काट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवून ठेवायच्या जागी) माल उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते, शेवटी हिशेबपट्टी निघते आणि पैसे मिळतात. ऐकायला सरळ वाटणाऱ्या या साखळीत किती गाठी आहेत, ते पुढे दिसेलच.

आधी ठरवा: याची खरंच गरज आहे का?

सगळ्याच प्रणालींना ही पद्धत लागत नाही. माहिती भरायची, साठवायची आणि यादीत दाखवायची एवढंच काम असेल तर साधे फॉर्म आणि टेबल पुरेत. उगाच थर वाढवू नका. गरज कुठे असते? जिथे नियम एकमेकांत अडकलेले असतात, अपवाद रोजचे असतात, आणि नियम बाहेरून कुणीतरी बदलत असतो, तिथे.

बाजार समितीत तिन्ही गोष्टी आहेत. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. या एका निर्णयाने हिशेबातली एक ओळ एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली-तोलाईच्या (माल उतरवण्याच्या आणि तोलण्याच्या मजुरीच्या) कपातीवरून वाद झाला आणि लिलाव बंद राहिले. म्हणजे ज्या सूत्राला प्रोग्रामर ‘एक वजाबाकी’ समजतो, त्यावर अख्खा बाजार थांबू शकतो. असं क्षेत्र मन लावून समजून घ्यायलाच हवं.

मग प्रणालीचे तुकडे तीन ढिगांत टाका. गाभा, म्हणजे जे चुकलं तर समितीचं कामच चुकतं: सौद्यापासून हिशेबपट्टीपर्यंतचा प्रवास. पूरक, म्हणजे लागतं पण त्यात फार विचार नाही: फाटकावरची आवक नोंद, दिवसाचे भाव फलकावर दाखवणं. आणि सर्वसाधारण, म्हणजे जे सगळ्यांनाच लागतं: लॉगिन, एसएमएस, हिशेबाच्या वह्या. सर्वसाधारण गोष्टी विकत घ्या किंवा तयार वापरा. टीममधली सर्वांत अनुभवी दोन माणसं गाभ्यावर बसवा. बऱ्याच ठिकाणी याच्या उलट होतं. ज्येष्ठ मंडळी लॉगिन आणि सर्व्हरच्या रचनेत रमतात आणि हिशेबाचा कोड नवख्याच्या वाट्याला येतो.

आवारात जा, आणि योग्य माणसांशी बोला

समितीचे सचिव तुम्हाला नियम सांगतील. नियम महत्त्वाचेच आहेत. १९६३ चा कृषी उत्पन्न पणनाचा कायदा आणि त्याखालचे १९६७ चे नियम टीममधल्या एकाने तरी नीट वाचलेले असावेत. पण रोजचं काम ज्यांच्या हातून होतं ती माणसं वेगळी: लिलावाची नोंद घेणारा कर्मचारी, काट्यावरचा मापाडी, पट्टी लिहिणारा हिशेबनीस, व्यापाऱ्याचा मुनीम. आणि ज्याच्यासाठी हे सगळं आहे तो शेतकरी. यांच्यापैकी प्रत्येकाला निदान एकदा स्वतंत्र भेटा. सगळ्यांना एका बैठकीत बसवलं तर मापाडी सचिवांसमोर बोलणार नाही, हे उघड आहे.

लिलाव चालू असताना प्रश्न विचारू नका, तेव्हा फक्त बघा. प्रश्न काम संपल्यावर, चहा घेताना. आणि ‘तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय हवं?’ असं तर विचारूच नका. त्यावर समोरचा माणूस पडद्यावरची बटणं सांगू लागतो. त्यापेक्षा हे विचारा:

– काल शेवटची गाडी कुठली होती? ती आली तेव्हापासून काय काय झालं ते क्रमाने सांगा.
– असं कधी होत नाही? नाही झालं तर मग काय करता?
– हा कागद हरवला तर कोणाचं काम अडतं?
– यावरून भांडण कधी होतं, आणि ते कोण मिटवतं?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. भांडणं जिथे होतात तिथेच क्षेत्राचे खरे नियम सापडतात. कांद्याच्या बाजारात त्याचं उत्तर बहुधा खळ्यावर मिळेल: वरचा माल पाहून दर ठरला, ट्रॉली उपसल्यावर खालचा माल हलका किंवा ओला निघाला, व्यापारी दर कमी करायला सांगतो, शेतकरी नकार देतो, समितीचा माणूस मध्ये पडतो. कधी दर बदलतो, कधी सौदा मोडतो आणि गाडी पुन्हा लिलावात उभी राहते. मागणीपत्रकात याबद्दल एक ओळही नसते. पण ‘सौदा झाला की दर पक्का’ असं गृहीत धरून टेबल बांधलं, तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी थेट डेटाबेसमध्ये दर बदलू लागेल.

भिंतीवर घटना मांडा

भेटी झाल्या की सगळ्यांना अर्ध्या दिवसासाठी एका लांब भिंतीसमोर उभं करा. अल्बर्टो ब्रँडोलिनी यांची ‘इव्हेंट स्टॉर्मिंग’ ही पद्धत इथे उत्तम चालते. नारिंगी चिठ्ठीवर एक घटना, भूतकाळात, साध्या मराठीत: गाडी आवारात आली. दर ठरला. सौदापट्टी दिली. भरलेलं वजन झालं. माल उतरला. मालाबद्दल तक्रार आली. दर कमी केला. रिकामं वजन झालं. हिशेबपट्टी निघाली. पैसे दिले. घटना कोणत्या आदेशामुळे घडली ते निळ्या चिठ्ठीवर, आणि जिथे दोन माणसांचं एकमत होत नाही तिथे वेगळ्या, डोळ्यांत भरणाऱ्या रंगाची चिठ्ठी तिरकी चिकटवा.

तिरक्या चिठ्ठ्या हाच त्या दिवसाचा खरा माल. ‘शेतकऱ्याने पट्टी घेतली पण पैसे मिळाले नाहीत, तर सौदा पूर्ण झाला का?’ या प्रश्नावर मुनीम हो म्हणेल आणि शेतकरी नाही. वाद तिथेच सोडवायची घाई नको. चिठ्ठी राहू द्या, नंतर सचिवांकडून निर्णय घ्या आणि निर्णय कोणी दिला तेही लिहून ठेवा.

प्रोग्रामरांना त्या दिवशी टेबल, एपीआय, स्टेटस फ्लॅग असे शब्द वापरायला मनाई करा. हे कडक वाटेल, पण ते शब्द खोलीत आले की समितीची माणसं गप्प होतात.

एक शब्दसंग्रह, आणि कोडमध्ये तेच शब्द

महाराष्ट्रातल्या टीमची एक खास अडचण आहे. वापरणारा मराठीत बोलतो, विश्लेषक इंग्रजीत टिपण करतो, प्रोग्रामर आणखी वेगळ्या इंग्रजीत क्लासला नाव देतो. एकाच हिशेबपट्टीला एका मॉड्यूलमध्ये बिल म्हटलेलं असतं, दुसऱ्यात सेटलमेंट, तिसऱ्यात इन्व्हॉइस. सहा महिन्यांनी आलेला माणूस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजून चौथी बनवतो.

माझा सल्ला असा: गाभ्यातल्या संकल्पनांना बाजारातलीच नावं द्या. सौदा, काटापट्टी (वजनाची पावती), हिशेबपट्टी, तोलाई, हमाली ही नावं क्लासला, टेबलाला आणि पडद्यावरच्या शीर्षकाला सारखीच असू द्या. जावा, सी शार्प, पायथन यांत देवनागरी नावंही चालतात, पण टंकलेखनाची कटकट टाळायची तर रोमन लिपीत तेच शब्द लिहा; मात्र स्पेलिंग एकदाच ठरवा आणि शब्दसंग्रहात नोंदवा. तांत्रिक भाग, म्हणजे रांगा, लॉग, जोडण्या, नेहमीच्या इंग्रजी नावांनीच ठेवा. टीममध्ये मराठी न येणारे सहकारी असतील तर शब्दसंग्रहात प्रत्येक शब्दासमोर दोन ओळींचा अर्थ द्या. बंगळूरुचा प्रोग्रामर ‘तोलाई’ हा शब्द एका दिवसात शिकतो. चुकीच्या नावाने झालेला गोंधळ मात्र वर्षानुवर्षं पुरतो.

शब्दसंग्रह कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा, स्वतंत्र कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये नको. अर्थ बदलला की शब्दसंग्रह आणि कोड एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीसाठी पाठवलेल्या बदलात) बदलले पाहिजेत.

सीमा कुठे आखायची

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. शब्दसंग्रह करताना एक गोष्ट लक्षात येईल: काही शब्दांचा एकच अर्थ लागतच नाही. ‘गाडी’ घ्या. फाटकावर गाडी म्हणजे नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव आणि आत येण्याची वेळ. लिलावात गाडी म्हणजे समोर दिसणारा माल, लाल की उन्हाळ कांदा, आणि त्यावर लागलेली बोली. काट्यावर गाडी म्हणजे भरलेलं वजन आणि रिकामं वजन. हिशेबात गाडी उरतच नाही, उरते फक्त पट्टीवरची एक ओळ.

या चारही अर्थांना पुरेल असा एकच क्लास करायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातून साठ-सत्तर रकान्यांचं टेबल तयार होतं; अर्धे रकाने कुठल्याही वेळी रिकामे असतात आणि काट्यासाठी केलेला बदल लिलाव मोडतो. त्याऐवजी शब्दाचा अर्थ जिथे बदलतो तिथे रेघ मारा. रेघेच्या आत एक भाषा, एक मॉडेल: हाच बाउंडेड कॉन्टेक्स्ट. आपल्या उदाहरणात आवक, लिलाव, वजन, हिशेब आणि बाजार फी वसुली असे पाच निघतात. बाजार फी हिशेबातून वेगळी का? कारण ती खरेदीदाराकडून घेतली जाते, तिची मुदत वेगळी असते आणि तपासणीला येणारा माणूसही वेगळा.

‘शेतकरी’ आणि ‘व्यापारी’ यांचंही तसंच. गाडी घेऊन आलेला भाचा, सातबाऱ्यावरचं नाव आणि ज्याच्या खात्यात पैसे जायचे ती व्यक्ती हे तीन वेगळे लोक असू शकतात. लिलावाला व्यापाऱ्याचा परवाना चालू आहे का आणि त्याची हमी पुरेशी आहे का एवढंच कळायला हवं; त्याच्या बँक खात्याशी लिलावाला काही घेणं नाही. म्हणून सगळ्यांनी वापरायच्या ‘कॉमन’ लायब्ररीत शेतकऱ्याचा क्लास टाकू नका. प्रत्येक कॉन्टेक्स्टने आपल्याला लागतो तेवढाच शेतकरी ठेवावा आणि ओळखक्रमांकाने एकमेकांना सांगावं.

कॉन्टेक्स्ट ठरले की त्यांचा नकाशा काढा आणि प्रत्येक रेघेवर नातं लिहा. कोण कोणाला माहिती देतो, आणि बदल झाला तर कोण कोणाचं ऐकतो?

लिलाव पुरवतो, हिशेब घेतो. हिशेबाच्या गरजेप्रमाणे लिलावाच्या टीमने बदल करायचे, हे आधी ठरवून घ्या. टॅली या हिशेबाच्या तयार सॉफ्टवेअरच्या बाबतीत उलट: टॅली जसं मागेल तसं आपण द्यायचं, तिथे भांडण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याकडून सीरियल पोर्टवर अक्षरांची ओळ येते, आणि प्रत्येक कंपनीच्या काट्याची ओळ वेगळी असते. तिचं रूपांतर ‘निव्वळ किलो’मध्ये करणारा एक छोटा थर दारातच उभा करा, काट्याची भाषा आतल्या मॉडेलमध्ये एक अक्षरही शिरू देऊ नका. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय ऑनलाइन कृषी बाजाराशी उद्या जोडणी करायची झाली तर तिथेही असाच थर लागेल.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहिलं होतं की संस्था आपल्या संवादाच्या रचनेसारखीच प्रणाली बनवते. म्हणून एका कॉन्टेक्स्टची मालकी एकाच टीमकडे द्या. एका टीमकडे दोन-तीन कॉन्टेक्स्ट चालतील, पण एक कॉन्टेक्स्ट दोन टीममध्ये वाटला की नकाशा भिंतीवरच राहतो. आणि पाच कॉन्टेक्स्ट म्हणजे पाच मायक्रोसर्व्हिस (नेटवर्कवरून बोलणारे स्वतंत्र छोटे प्रोग्रॅम) नव्हेत. एकाच प्रोग्रॅममध्ये पाच नीट वेगळी मॉड्यूल ठेवून सुरुवात करा. सीमा पहिल्या वर्षात निदान एकदा तरी सरकते, आणि मॉड्यूलची सीमा सरकवणं नेटवर्कवरची सीमा सरकवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आता कोड

पहिल्यांदा छोट्या किमतींना स्वतःचे प्रकार द्या. एका ट्रॉलीचं भरलेलं वजन ५,९४० किलो, रिकामं ३,४८०, निव्वळ २,४६० किलो. दर क्विंटलला १,८५० रुपये. मालाची किंमत ४५,५१० रुपये. वजन आणि दर दोन्ही नुसते आकडे म्हणून फिरत असतील, तर कोणीतरी कधीतरी २,४६० ला थेट १,८५० ने गुणणार आणि पट्टीवर ४५,५१,००० छापलं जाणार. वजनाचा प्रकार स्वतःचं एकक जाणतो, दराचा प्रकार ‘प्रतिक्विंटल’ आहे हे जाणतो, आणि पैशांचा प्रकार पैशांतला पूर्णांक ठेवतो, असं केलं की ही चूक लिहिताच येत नाही. पैसे रुपयांत पूर्ण करताना वरचे-खालचे पैसे कोणाच्या वाट्याला जातात, हे हिशेबनिसाला विचारा. स्वतःच्या मनाने ठरवू नका.

मग ॲग्रीगेट. एका वेळी जे एकत्रच बरोबर असायला हवं, तेवढंच एका ॲग्रीगेटमध्ये. ‘सौद्या’चा नियम असा: एका गाडीवर एका वेळी एकच चालू सौदा, आणि दर बदलायचा तर फक्त तक्रारीच्या निर्णयातून. मूळ दर पुसला जात नाही, त्याच्या खाली नवा दर येतो. ‘वजन’ वेगळं ॲग्रीगेट: दोन्ही मापं आल्याशिवाय निव्वळ वजन देत नाही. ‘हिशेबपट्टी’ तिसरं: एकदा दिली की बदलत नाही, चूक निघाली तर ती रद्द करून नवी. ही तिन्ही एकमेकांना फक्त क्रमांकाने ओळखतात. डेटाबेसच्या एका व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) एकच ॲग्रीगेट बदला आणि पुढच्याला घटनेतून कळवा. वजन पूर्ण झालं आणि पट्टी दोन सेकंदांनी तयार झाली, तर बाजारात कोणाचंही काही बिघडत नाही.

कपातीसाठी थोडं थांबून विचार करा, कारण बदल इथेच येणार आहेत. हमाली, तोलाई यांना पट्टीच्या टेबलात एकेक रकाना देऊ नका. ‘कपात’ ही स्वतंत्र संकल्पना ठेवा: कशासाठी, कोणी द्यायची, कोणत्या आधाराने मोजायची, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू. २०१६ सारखा निर्णय पुन्हा आला तर तारखेसह एक नवी नोंद पुरेल, आणि जुनी पट्टी पुन्हा छापली तरी जुन्या नियमानेच छापली जाईल.

नियम चाचणीत लिहिताना मराठीच वापरा. कुकुम्बर या चाचणीच्या साधनाच्या गर्किन या भाषेत मराठी आधीपासूनच आहे, त्यामुळे हिशेबनीस स्वतः वाचून चूक दाखवू शकतो:

जर कांद्याचा सौदा क्विंटलला १,८५० रुपयांनी झाला
आणि निव्वळ वजन २,४६० किलो भरलं
आणि तक्रारीच्या निर्णयाने दर १,७०० रुपये झाला
जेव्हा हिशेबपट्टी काढली जाते
तेव्हा मालाची किंमत ४१,८२० रुपये असते
आणि पट्टीवर मूळ दर व नवा दर दोन्ही दिसतात

पूरक भागांत यातलं काहीच नको. आवक नोंदीला साधा फॉर्म ठेवा. इव्हेंट सोर्सिंगची घाईही पहिल्या वर्षी करू नका. घटना वापरणं वेगळं आणि सगळी साठवणच घटनांवर उभी करणं वेगळं.

जुनी प्रणाली चालू असताना

कोऱ्या पाटीवर काम करायला क्वचितच मिळतं. जुनी प्रणाली बंद करून सगळं नव्याने लिहायचा बेत आखू नका. एक प्रवाह निवडा. इथे मी हिशेब निवडेन, कारण त्याचा आत-बाहेरचा व्यवहार स्पष्ट आहे: सौदा आणि वजन आत येतं, पट्टी बाहेर पडते. जुन्या टेबलांतून वाचणारा रूपांतराचा थर बांधा आणि नवं मॉडेल त्याच्या मागे ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे दोन्हीकडून पट्टी काढा आणि रोज संध्याकाळी जुळवा. न जुळलेली प्रत्येक पट्टी घेऊन हिशेबनिसाकडे जा. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांत जुनी प्रणाली बरोबर निघेल, कारण तिच्यात कोणीतरी कधीतरी घातलेला आणि कुठेही न लिहिलेला नियम असतो. तो शब्दसंग्रहात आणा. सलग काही दिवस फरक शून्य राहिला की जुन्या पट्टीचं बटण काढा. बटण राहिलं तर लोक त्यावरच जातात.

सवयी

व्यवस्थापनाकडून तीन गोष्टी मागून घ्या: क्षेत्र जाणणाऱ्या एका माणसाचा आठवड्यातून ठरलेला एक तास, गाभ्यावर बसलेल्या दोघांना इतर कामांतून मोकळीक, आणि पहिल्या प्रवाहासाठी एक तिमाही. अख्ख्या कंपनीत ‘बदल’ जाहीर करायला सांगू नका.

कोड तपासताना एक प्रश्न कायम ठेवा: हे वाक्य मापाड्याला वाचून दाखवलं तर त्याला कळेल का? ‘स्टेटस तीन केला’ हे कळणार नाही, ‘सौदा मोडला’ हे कळेल. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला आवारात पाठवा, कोड नंतर दाखवा. वर्षातून एकदा, आवारात गर्दी कमी असताना, नकाशा पुन्हा भिंतीवर लावून तासभर बघा: कोणती रेघ चुकीच्या जागी आहे, कोणत्या दोन मॉड्यूलमध्ये बदल नेहमी जोडीनेच करावा लागतो?

दुसऱ्या कॉन्टेक्स्टकडे कधी वळायचं याची एक खूण आहे. हमालीच्या दरात बदल झाला आणि टीमने तो एका ठिकाणी, एका दिवसात, आधी मराठी चाचणी लिहून केला, हिशेबनिसाने ती चाचणी वाचून मान्य केली, आणि लिलाव व वजनाच्या कोडला हात लागला नाही, म्हणजे हिशेब उभा राहिला. मग वजन घ्या.